खडूस ॲडमिरल

अणुवीज म्हटलं की आपल्याला फर्मी आठवतो, होमी भाभा आठवतात. हायमन रिकओव्हर हे नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. तो शास्त्रज्ञ नव्हताच. अमेरिकन नौदलातला इलेक्ट्रिकल इंजिनीअर, तोही अत्यंत खडूस. पण अणुभट्टी रोजच्या रोज, बिनचूक, वर्षानुवर्षं चालती ठेवायची कशी, हे जगाला ज्यांनी शिकवलं त्यांत मी त्याला पहिला नंबर देईन.

नौदलाच्या दप्तरी त्याचं जन्मसाल १९००. गाव पोलंडमधलं, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेलं. वडील शिंपी. ज्यूंना तिथे राहणं कठीण झालं तसं हे कुटुंब अमेरिकेत आलं आणि शिकागोत स्थिरावलं. पोरगा शिकता शिकता घरोघरी तारा वाटायचा. १९२२ साली नौदल अकादमीतून बाहेर पडला, पुढे कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स केलं.

दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा इलेक्ट्रिकल विभाग त्याच्याकडे होता. मार खाऊन परतलेल्या जहाजांवर हा स्वतः चढायचा आणि नेमकं काय बंद पडलं ते बघायचा. हादऱ्याने सर्किट ब्रेकर आपोआप उघडलेले, केबलमधून पाणी झिरपत पार स्विचबोर्डपर्यंत गेलेलं. टेस्टमध्ये पास झालेली वस्तू समुद्रावर नापास का होते, हाच त्याचा पुढच्या आयुष्याचा सिलॅबस ठरला.

१९४६ मध्ये ओक रिजला जाऊन तो अणुविज्ञान शिकला आणि पाणबुडीत मावेल अशी भट्टी बनवायच्या मागे लागला. नमुना भट्टी आयडाहोच्या वाळवंटात उभी राहिली. जून १९५३ मध्ये ती पूर्ण शक्तीवर चालवून बघायची ठरली. चोवीस तास झाले, हवी ती मापं मिळाली, आता थांबू या असं इंजिनीअर म्हणाले. हा कसला थांबतोय! अटलांटिक महासागराचा नकाशा भिंतीवर लावून त्याने भट्टी सुमारे चार दिवस चालू ठेवली. कंडेन्सरच्या नळ्या गळायला लागल्या, पंप कुरकुरले, तरी कागदावरची पाणबुडी आयर्लंडला पोचवूनच त्याने दम घेतला.

खरा रिकओव्हर मला दिसतो तो पुढच्या वर्षीच्या एका प्रसंगात. सप्टेंबर १९५४. नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी धक्क्यालाच उभी होती आणि चाचणीत वाफेची एक लहानशी नळी फुटली. शोध घेतल्यावर कळलं की ड्रॉइंगमध्ये सीमलेस पाइप होता आणि बसवला होता वेल्डेड, म्हणजे कठड्याबिठड्याला वापरतात तसला. (हा फरक आपण वर्कशॉपच्या व्हायव्हापुरता पाठ करतो आणि सबमिशननंतर विसरतो.) आता असा पाइप आणखी कुठे कुठे लागलाय? रेकॉर्डवरून काही सांगता येईना. झालं, त्या मापाचा जेवढा म्हणून संशयास्पद पाइप होता तेवढा सगळा उपटून नवा टाकायचा हुकूम सुटला. सगळं जग तारखेकडे डोळे लावून बसलेलं असताना! १७ जानेवारी १९५५ ला नॉटिलस अणुशक्तीवर निघाली.

पेनसिल्व्हेनियातलं शिपिंगपोर्टचं वीज केंद्रही त्याच्याच देखरेखीखाली बांधलं गेलं. डिसेंबर १९५७ मध्ये सुरू झालं, क्षमता ६० मेगावॉट. इंधनाला झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं कवच घालायचं तंत्र त्याच्या टीमनेच पक्कं केलं. आपल्या तारापूरलाही तसंच कवच वापरतात. शिपिंगपोर्ट १९८२ पर्यंत चाललं. शेवटच्या पाच वर्षांत तिथे थोरियमचा गाभा बसवला होता आणि त्याने जाळलं त्यापेक्षा थोडं जास्तच इंधन तयार केलं. थोरियमवर आशा लावून बसलेल्या आपल्या देशाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

माणूस म्हणून मात्र कठीण. मुलाखतीच्या खुर्चीचे पुढचे पाय त्याने कापून आखूड केले होते, उमेदवार सारखा घसरत राहायचा! जिमी कार्टर तरुणपणी त्याच्यापुढे बसले तेव्हा आपला अकादमीतला नंबर त्यांनी अभिमानाने सांगितला. त्याने एवढंच विचारलं की पूर्ण ताकदीने अभ्यास केला होता का. नेहमी नाही, असं कार्टर कबूल झाले. का नाही, असं विचारून त्याने खुर्ची फिरवली. मुलाखत संपली.

२८ मार्च १९७९ ला थ्री माइल आयलंडला अपघात झाला तेव्हा कार्टर राष्ट्राध्यक्ष होते. कंट्रोल रूममधले ऑपरेटर रिकओव्हरच्याच नौदलातून आलेले. प्रेशरायझर, म्हणजे दाब सांभाळणारी टाकी, पाण्याने काठोकाठ भरू द्यायची नाही हे त्यांच्या अंगात भिनलेलं. इथे झालं असं, की त्या टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पाणी बाहेर चाललं होतं आणि मीटर मात्र पातळी वाढतेय असं दाखवत होता. ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं आणि जवळजवळ अर्धा गाभा वितळला. नियम नौदलातून आला, पण नियमामागचं कारण सोबत आलं नाही, असं माझं मत.

त्यानंतर वीज कंपन्यांनी केंद्रांची तपासणी करणारी ‘इन्पो’ ही संस्था काढली. तिचा पहिला प्रमुख कोण? नॉटिलसचा पहिला कप्तान विल्किन्सन! १९८० च्या सुमारास अमेरिकन केंद्रं पूर्ण क्षमतेच्या साठ टक्केही वीज देत नव्हती. २००० नंतर तो आकडा नव्वदच्या आसपास गेला. सगळं श्रेय इन्पोचं नसेल, पण बरंचसं आहे.

जानेवारी १९८२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याला सक्तीनेच निवृत्त केलं. नंतर जहाज बांधणाऱ्या कंपनीकडून भेटवस्तू घेतल्याचं उघड झालं आणि १९८५ मध्ये नौदलाने ठपका ठेवला. इतरांच्या चुका सूक्ष्मदर्शकाने बघणाऱ्याला हे शोभलं नाही. निवृत्तीच्या आठवड्यात अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याने सांगून टाकलं, की किरणोत्सर्ग निर्माण करणारी ही शक्ती त्या किमतीची नाही आणि आपली जहाजंसुद्धा आपण बुडवून टाकू. ऐकणारे चाट पडले. ८ जुलै १९८६ ला तो गेला. चेर्नोबिलचा स्फोट होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.