स्मृतीला माप लावणारा शास्त्रज्ञ

रात्री तोंडपाठ म्हणून दाखविलेली कविता सकाळी अर्ध्यावरच अडते, हा अनुभव कोणाला नाही? अशा वेळी आपण मनाला दोष देतो आणि पुन्हा पुस्तक उघडतो. कविता किती विसरली, किती उरली आणि ती केव्हा विसरली, असे मात्र आपण सहसा विचारीत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील एका तरुणाने हे प्रश्न स्वतःला विचारले आणि त्यांची उत्तरे मिळविण्यासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्ची घातली. त्या शास्त्रज्ञाचे नाव हेर्मान एबिंगहाउस.

एबिंगहाउस यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी प्रशियातील बार्मेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीतील वुपरताल शहरात सामावलेले आहे. त्यांचे वडील सधन व्यापारी होते. वयाच्या सतराव्या वर्षी एबिंगहाउस बॉन येथील विद्यापीठात दाखल झाले. आरंभी इतिहास आणि भाषा हे त्यांचे विषय होते. पुढे त्यांचे मन तत्त्वज्ञानाकडे ओढले गेले. १८७० साली प्रशिया आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा शिक्षण थांबवून ते सैन्यात गेले. युद्धानंतर ते पुन्हा अभ्यासाकडे वळले आणि १८७३ साली बॉन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरची पदवी दिली.

पदवी मिळाली, पण पुढची वाट ठरली नव्हती. काही वर्षे ते इंग्लंड व फ्रान्स या देशांत राहिले. विद्यार्थ्यांना शिकवावे, त्यावर चरितार्थ चालवावा आणि उरलेला वेळ वाचनात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. याच काळात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्यांना गुस्टाव फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञाचा ग्रंथ मिळाला, असे सांगतात. तो १८६० साली प्रसिद्ध झाला होता. हातातील वजनात केवढी भर घातली म्हणजे ते जड झाल्याचे माणसाला जाणवते, अशा गोष्टी फेख्नर यांनी मोजल्या होत्या. मनाला होणारी जाणीवही आकड्यांत मांडता येते, हे त्या ग्रंथाने दाखविले होते.

तो ग्रंथ वाचून एबिंगहाउस यांच्या मनात एक धाडसी विचार आला. जाणिवेला माप लावता येते, तर स्मृतीला का लावता येऊ नये? त्या काळी हा विचार वेडगळपणाचा वाटण्याजोगा होता. मनाच्या अभ्यासाला गणित लागू पडत नाही, म्हणून ते खरे शास्त्र होऊ शकणार नाही, असे थोर तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट यांचे मत होते. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली खरी. परंतु विचार किंवा स्मृती यांसारखे मनाचे वरच्या पायरीवरील व्यापार प्रयोगाच्या कक्षेत येत नाहीत, असे त्यांनाही वाटे. एबिंगहाउस यांच्याजवळ तर ना प्रयोगशाळा होती, ना साहाय्यक, ना उपकरणे. तेव्हा प्रयोग करणारे तेच झाले आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो माणूसही तेच झाले!

पहिली अडचण पाठांतराच्या मजकुराची होती. कविता किंवा गोष्ट पाठ करावी, तर त्यातील काही भाग ओळखीचा असतो, काही आवडीचा, तर काही कंटाळवाणा. मग कोणता भाग पाठांतराने लक्षात राहिला आणि कोणता आवडीमुळे, हे कसे ठरवावे? वजन करावयाचे तर मापे सारखी हवीत. म्हणून एबिंगहाउस यांनी एक युक्ती योजिली. दोन व्यंजने आणि त्यांच्यामध्ये एक स्वर अशी जुळणी करून त्यांनी सुमारे २,३०० तुटक शब्द तयार केले. आपल्या लिपीत लिहावयाचे तर ते 'मेब', 'दूफ', 'झिक' अशा तऱ्हेचे होते. त्यांतील बहुतेकांना काही अर्थच नव्हता. हे शब्द मिसळून त्यांतून ते हाती येतील तसे काढीत आणि त्यांची मालिका बनवीत.

नंतर त्यांनी स्वतःला कडक नियमांत बांधून घेतले. घड्याळाच्या ठेक्यावर मिनिटाला १५० शब्द, याच गतीने वाचावयाचे. मालिका नेहमी आरंभापासून शेवटपर्यंत म्हणावयाची. अवघड शब्द वेगळे काढून घोकावयाचे नाहीत. लक्षात राहण्यासाठी शब्दांत काही अर्थ शोधावयाचा नाही. प्रयोगाची वेळ ठरलेली असे. प्रयोगांच्या दिवसांत राहणीही शक्य तितकी नियमित ठेवावयाची. सायंकाळी पाठ करण्यास सकाळपेक्षा अधिक वेळ लागतो, असे आढळताच त्यांनी तो फरकही हिशेबात धरला. १८७९ आणि १८८० या वर्षांत ते महिनोन्महिने असे निरर्थक शब्द घोकीत बसले. या कामात मौज मुळीच नव्हती. हाती काही लागेल, याचीही शाश्वती नव्हती.

मालिका किती लांब असावी, याचा शोध घेताना मिळालेले आकडे पाहण्याजोगे आहेत. सात शब्दांची मालिका एकदा वाचली की म्हणता येई. १२ शब्दांसाठी सुमारे १७ वाचने लागली, २४ शब्दांसाठी ४४ आणि ३६ शब्दांसाठी ५५. मालिका सातांवरून बारांवर गेली, एवढ्याने श्रम एकाचे सतरा झाले! याउलट बायरन या इंग्रज कवीच्या 'डॉन जुआन' या काव्यातील कडवी पाठ करताना निराळाच अनुभव आला. एका कडव्यात सुमारे ८० अवयव असूनही ते नऊपेक्षा कमी वाचनांत पाठ होई. तितकेच निरर्थक शब्द पाठ करण्यास सत्तर-ऐंशी वाचने लागली असती, असा त्यांचा अंदाज होता. अर्थ, लय आणि यमक यांची जोड मिळाली की श्रम सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतात, हे यावरून दिसून आले.

पण खरा प्रश्न विस्मरणाचा होता. आठवत नाही ती गोष्ट मनातून साफ गेली, असे आपण समजतो. एबिंगहाउस यांना तसे वाटले नाही. समजा, एक मालिका पहिल्या दिवशी २० वाचनांत पाठ झाली. काही दिवसांनी तिच्यातला एकही शब्द आठवला नाही. परंतु ती पुन्हा पाठ करण्यास १२ वाचनेच पुरली. मग उरलेल्या आठ वाचनांचे श्रम कोणी वाचविले? मनात कोठे तरी शिल्लक राहिलेल्या स्मृतीनेच ते वाचविले! २० पैकी ८ म्हणजे शंभरात ४० इतकी ती शिल्लक झाली. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याला त्याचीही आठवण होत नाही, त्याचे माप घेण्याची ही रीत अगदी साधी आहे. एबिंगहाउस यांच्या आधी ती कोणाला सुचली नव्हती.

या रीतीने त्यांनी १६३ वेळा प्रयोग केले. दर वेळी १३ शब्दांच्या आठ मालिका पाठ करावयाच्या आणि ठरलेल्या अवधीनंतर त्याच पुन्हा पाठ करावयाच्या. सुमारे २० मिनिटांनंतर शंभरांपैकी ५८ भाग श्रम वाचत. तासाभराने ही शिल्लक ४४ वर येई, नऊ तासांनी ३६ वर आणि एका दिवसाने ३४ वर. सहा दिवसांनी ती २५ होती, तर महिना उलटल्यावरही २१ होती. याचा अर्थ स्पष्ट होता. विस्मरण सर्वांत वेगाने होते ते पहिल्या काही तासांत; पुढे त्याची गती मंदावते. हे आकडे कागदावर मांडले की आरंभी एकदम उतरणारी आणि मग हळूहळू सपाट होत जाणारी रेषा तयार होते. तिलाच आज विस्मरणाचा वक्र म्हणतात.

आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. बारा शब्दांच्या मालिका एकाच दिवशी ६८ वेळा वाचल्या, तर दुसऱ्या दिवशी जितका फायदा दिसे, जवळजवळ तितकाच फायदा तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ वाचनांनीही मिळे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

१८८० साली एबिंगहाउस बर्लिन विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांच्या हाती नवे शोध होते. दुसरा कोणी असता, तर त्याने ते घाईने छापून टाकले असते. परंतु एबिंगहाउस यांना एक शंका होती. निष्कर्षाची कल्पना एकदा मनात आली की ती नकळत मनाला आपल्याकडे ओढते, आणि येथे तर मोजणारा आणि मोजला जाणारा एकच होता. स्वतःचीच फसगत होण्याचा धोका त्यांनी ओळखला होता. म्हणून १८८३ आणि १८८४ साली त्यांनी पुन्हा तोच कंटाळवाणा उद्योग आरंभिला आणि जुने निष्कर्ष नव्याने पारखून घेतले. त्यानंतरच, १८८५ साली, त्यांनी स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मोजमापात किती चूक संभवते, हेही त्यांनी त्यात आकड्यांनी नमूद केले.

या ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली. १८९० साली आर्टुर क्योनिग यांच्या साहाय्याने त्यांनी मानसशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. तरीही १८९४ साली बर्लिन येथील मोठे पद त्यांना न मिळता दुसऱ्या विद्वानाकडे गेले. एबिंगहाउस ब्रेस्लाउ येथे गेले. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली.

ब्रेस्लाउ येथील शाळांत सकाळचे पाच तास सलग वर्ग चालत. मुले त्याने थकतात काय, हे तपासण्याचे काम एबिंगहाउस यांच्याकडे आले. त्यासाठी त्यांनी ज्या कसोट्या तयार केल्या, त्यांतील एक तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. एका उताऱ्यातील काही शब्द व अक्षरे गाळावयाची आणि ती मुलांनी भरावयाची! वर्गात पुढे असणारी मुले आणि मागे पडणारी मुले यांच्यातील फरक या कसोटीने इतर कसोट्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसला. हे काम १८९७ साली प्रसिद्ध झाले. पुढे फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीच्या कसोट्या रचताना या कल्पनेचा उपयोग करून घेतला.

१९०५ साली एबिंगहाउस हाले येथील विद्यापीठात गेले. तेथेच न्यूमोनिया होऊन २६ फेब्रुवारी १९०९ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ज्या फेख्नर यांच्या ग्रंथाने त्यांना वाट दाखविली, त्यांच्याच स्मृतीस त्यांनी आपला मानसशास्त्रावरील मोठा ग्रंथ अर्पण केला होता.

त्यांच्या कामावर एक आक्षेप घेण्यात येतो, आणि तो रास्त आहे. एका माणसावर केलेल्या प्रयोगावरून सर्व माणसांविषयी नियम कसा सांगावा? शिवाय माणसे रोजच्या जीवनात निरर्थक शब्द थोडेच लक्षात ठेवतात! या आक्षेपाचे उत्तर वादाने मिळणारे नव्हते. ते पुन्हा प्रयोग करूनच मिळणार होते. एबिंगहाउस यांनी शब्दांची जुळणी, वाचनाची गती, वेळ आणि हिशेबाची रीत इतक्या तपशिलाने लिहून ठेवली होती, की कोणालाही त्यांची परीक्षा घेता यावी. तशी ती अनेकांनी घेतली. २०१५ साली ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीने विस्मरणाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मिळालेली रेषा जुन्या रेषेशी बहुतांशी जुळली.

मन हा विषय प्रयोगाच्या पलीकडचा आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्याशी एबिंगहाउस भांडत बसले नाहीत. काही कागद, एक घड्याळ आणि अपार चिकाटी एवढ्या साधनांवर त्यांनी प्रश्नाला हात घातला. आणि मिळालेल्या उत्तरावर दुसऱ्यांनी विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची पहिली कठोर तपासणी त्यांनी स्वतःच केली.