वजीर देणारा मास्तर

वर्तमानपत्रात बुद्धिबळाचे कोडे छापतात तेव्हा पटाच्या चित्राखाली एक ओळ असते : पांढऱ्याने खेळून तीन खेळ्यांत मात करावी. ही ओळ वाचली की निम्मे काम झालेच म्हणायचे. मात आहे हे आधीच ठाऊक असते. मग आपण शहाण्या खेळ्या बाजूला ठेवतो आणि वेडगळ वाटणाऱ्या खेळ्या तपासू लागतो. वजीर फुकट देऊन पाहू, हत्ती मारू देऊ! प्रत्यक्ष डावात मात्र पटाखाली अशी ओळ नसते आणि दिलेला वजीर परत मिळत नाही. ती न छापलेली ओळ वाचू शकणारा एक माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. पेशाने तो शाळामास्तर होता.

आडोल्फ अँडरसनचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी तेव्हाच्या प्रशियातील ब्रेस्लाउ शहरात झाला. नवव्या वर्षी वडिलांनी त्याला बुद्धिबळ शिकवले. पुढे गणित आणि तत्त्वज्ञान शिकून तो गावातल्याच शाळेत गणित आणि जर्मन भाषा शिकवू लागला. लग्न केले नाही. आई, बहीण, शाळा आणि पट एवढाच त्याचा संसार. १८४२ मध्ये त्याने साठ कोड्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. मोठा खेळाडू म्हणून नाव होण्याआधी तो कोडी रचणारा म्हणून ओळखला जात होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८५१ साली लंडनला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले, आणि त्याच मोसमात सोळा खेळाडूंची पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा ठरली. मास्तरांपुढे प्रश्न होता प्रवासखर्चाचा. बक्षीस मिळाले नाही तर तो खर्च आपण देऊ, अशी तयारी स्पर्धेचा सूत्रधार हॉवर्ड स्टाँटन याने दाखवली, तेव्हा कुठे अँडरसन निघाला. पटावर वजीर उधळणारा हा माणूस खिशाच्या बाबतीत असा जपून होता. पुढे त्याने स्पर्धा जिंकली, आणि वाटेत खुद्द स्टाँटनलाही हरवले!

पण जग लक्षात ठेवते तो डाव त्या स्पर्धेतला नव्हेच. २१ जूनला अँडरसन सहज गंमत म्हणून लिओनेल कीझेरित्स्कीशी खेळायला बसला. हाही एके काळचा गणिताचा शिक्षक. शाळा सोडून पॅरिसला आला आणि तिथल्या कॅफेत बुद्धिबळाच्या शिकवण्या घेऊन पोट भरू लागला. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत अँडरसननेच त्याला बाद केले होते.

या डावात पांढऱ्याकडून खेळणाऱ्या अँडरसनने आधी एक उंट मारू दिला. मग दोन्ही हत्ती वाऱ्यावर सोडले. काळ्याचा वजीर त्यांतला एक टिपण्यासाठी पार पांढऱ्याच्या कोपऱ्यात शिरला. पण तिथूनही लांबच लांब तिरप्या रेषेने तो आपल्या राजाशेजारचे एक घर राखून होता. अँडरसनने काय केले, तर मधले एक प्यादे एक घर पुढे सरकवले. ते त्या रेषेत आडवे उभे राहिले आणि वजिराचा पहारा संपला. लोक वजिराच्या बलिदानाचे कौतुक करतात; मला विचाराल तर डावाचा जीव त्या प्याद्यात आहे. पुढे घोड्याने शह, मग वजिराचे दान. तो वजीर मारण्यासाठी काळ्याच्या घोड्याला जागा सोडावी लागली आणि मोकळ्या पडलेल्या घरात उंट येऊन बसला. मात! पांढऱ्याकडे उरला होता एक उंट, दोन घोडे आणि काही प्यादी. काळ्याची फक्त तीन प्यादी गेली होती. मोहरा एकही नाही.

हा डाव कीझेरित्स्कीने, म्हणजे हरलेल्यानेच, जुलैमध्ये आपल्या मासिकात छापला. १८५५ साली त्याला ‘अमर डाव’ हे नाव मिळाले, तेव्हा कीझेरित्स्कीला जाऊन दोन वर्षे झाली होती.

पुढे जाणकारांनी या डावाची चिरफाड केली. काळ्याने आधी वजिराने शह देत कोपऱ्यातला हत्ती मारून वजीर माघारी आणला असता, तर तो तग धरू शकला असता. शिवाय पांढऱ्यापाशी याहून साधी, खात्रीची वाट होती. थोडक्यात, कोडे म्हणून तपासले तर हे निर्दोष नव्हे. शाळेत दुसऱ्यांची उत्तरे तपासणाऱ्या मास्तरांनी इथे स्वतःचे उत्तर न पडताळताच लिहून टाकले होते.

पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये ज्याँ डुफ्रेनविरुद्ध त्याने असाच आणखी एक डाव जिंकला. त्यात स्वतःवर एका खेळीत मात होण्याची वेळ आलेली असताना त्याने वजीर दिला. तो ‘सदाहरित डाव’.

१८५८ च्या नाताळाच्या सुट्टीत तो पॅरिसला जाऊन अमेरिकेच्या एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फीशी खेळला आणि सात विरुद्ध दोन असा हरला. सुट्टी संपली, मास्तर वर्गावर परतले. १८६२ ची लंडनची स्पर्धा त्याने जिंकली, १८६६ मध्ये स्टाइनिट्झशी सामना हरला, आणि १८७० मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बाडेन-बाडेनला त्याच स्टाइनिट्झला मागे टाकून पहिला आला. १८७७ मध्ये तो बुद्धिबळ शिकल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून चाहत्यांनी लाइप्झिगला स्पर्धा भरवली. सत्कारमूर्ती स्वतःही खेळायला बसले.

१३ मार्च १८७९ रोजी ब्रेस्लाउमध्येच तो वारला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेले आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ झाले. १९५७ साली पोलंडच्या बुद्धिबळ संघटनेने या जर्मन मास्तरांचे अवशेष तिथल्याच दुसऱ्या दफनभूमीत नेऊन पुन्हा विसावू दिले.