सूर्य-तारे कशाचे बनलेत हे ओळखणाऱ्या सेसिलिया पेन

गुरू ग्रह पृथ्वीपेक्षा रुंदीला अकरा पट. रोहिणीचा तारा तर सूर्याच्याही चाळीस पटींहून मोठा. एकाला स्वतःचा उजेड नाही, दुसरा धगधगतोय. तरी दोघांतला माल बहुतेक एकच, हायड्रोजन आणि हेलियम हे वायू. ताऱ्यांबाबत हे ज्यांनी आधी ओळखलं, त्या सेसिलिया पेन यांना ते स्वतःच्याच हातानं खोटं लिहावं लागलं होतं.

त्यांचा जन्म १९०० चा, इंग्लंडमधल्या वेंडओव्हर गावचा. चार वर्षांच्या असताना वडील वारले, आईनं तीन लेकरं वाढवली. शिष्यवृत्तीवर पेन केंब्रिजला शिकल्या, पण पदवी मिळाली नाही. तिथं बायकांना पदवी १९४८ पासून मिळायला लागली. म्हणून १९२३ ला त्या अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेल्या.

तिथं ताऱ्यांच्या प्रकाशाच्या पट्ट्यांचे फोटो काचेवर साठवलेले होते. त्यात लोखंड, कॅल्शियमच्या रेघा ठळक दिसायच्या. त्यामुळं तारे म्हणजे तापलेली पृथ्वीच, असं मोठमोठे शास्त्रज्ञ धरून चालले होते. पेन यांनी मेघनाद साहा यांचं सूत्र लावलं. साहा म्हणजे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. रेघ किती ठळक हे तापमानावरही ठरतं, असं त्यांचं सूत्र सांगत होतं. आमटीला हिंगाचा वास येतो, म्हणून पातेल्यात हिंगच जास्त असतो का? भरपूर असतं ते पाणी. ताऱ्यांत तसा हायड्रोजन निघाला, बाकी धातूंच्या लाखो पट.

१९२५ ला प्रबंध लिहून झाला. तो वाचून हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या वजनदार शास्त्रज्ञानं असं असणं शक्यच नाही, असं कळवलं. पेन पंचविशीत होत्या, पुढची नोकरी अशाच लोकांच्या शब्दावर. हा आकडा बहुतेक खरा नसावा, असं त्यांनी प्रबंधातच लिहून टाकलं. चार वर्षांनी, १९२९ ला रसेल स्वतः वेगळ्या वाटेनं त्याच उत्तरावर आले. पेन यांच्या कामाचा उल्लेख त्यांनी केला, पण नाव बरीच वर्षं रसेल यांचंच गाजलं.

लग्न, तीन मुलं, संशोधन सगळं सुरू राहिलं. त्या हार्वर्डात शिकवत होत्या, पण त्यांचे वर्ग १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या यादीत छापलेच गेले नाहीत. १९५६ ला त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुखही झाल्या.

७ डिसेंबर १९७९ ला त्यांचं निधन झालं. गुरूतही हेच वायू भरलेत हे शास्त्रज्ञांना पुढे कळत गेलं होतं. वजन आणखी सुमारे ८० पट असतं, तर गुरूही ताऱ्यासारखा पेटला असता. १९९५ ला, योगायोगानं ७ डिसेंबरलाच, गॅलिलिओ यानानं सोडलेलं उपकरण गुरूच्या ढगांत उतरलं. तिथं मोजलं तर जवळपास सगळा हायड्रोजन आणि हेलियमच.