रेणूंची ओळखपरेड घेणारे कोब्लेंट्झ

तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तयार करण्यापूर्वी पिंपातली पांढरी पूड खरोखर पॅरासिटामॉलच आहे का, हे पाहावे लागते. पांढऱ्या पुडी अनेक औषधांच्या असतात आणि डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. म्हणून पुडीतून अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण पाठवतात. पुडीने त्यातले कोणते किरण शोषले, याचा आलेख काढून तो अस्सल नमुन्याच्या आलेखाशी ताडून पाहतात. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या औषध कारखान्यांना ही चाचणी चांगली परिचयाची आहे. तिचा पाया भक्कम करणाऱ्यांमध्ये विल्यम वेबर कोब्लेंट्झ यांचे नाव अग्रभागी आहे.

कोब्लेंट्झ यांचा जन्म २० नोव्हेंबर १८७३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, नॉर्थ लिमा गावच्या शेतकरी कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. घरची परिस्थिती बेताची असल्याने शाळा रखडली आणि ती पूर्ण झाली तेव्हा त्यांनी विशी ओलांडली होती. पुढे क्लीव्हलँडच्या केस स्कूलमधून पदवी घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर कार्नेगी संस्थेच्या मदतीने त्यांनी तिथेच दोन वर्षे संशोधन केले.

डोळ्यांना न दिसणारे हे उष्ण किरण विल्यम हर्शल यांनी १८०० मध्ये शोधले होते. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅबनी व फेस्टिंग यांनी आणि १८९२ मध्ये हॉलंडच्या ज्यूलियस यांनी काही द्रवांमधून ते सोडून पाहिले. रेणूच्या रचनेचा या शोषणाशी संबंध असावा, असे दिसू लागले होते. मात्र ठामपणे काही म्हणण्याइतक्या नोंदी नव्हत्या. कोब्लेंट्झ यांनी त्या जमवायला घेतल्या.

काम किचकट होते. काच हे किरण अडवते, म्हणून लोलक सैंधव मिठाचा घ्यावा लागे आणि दमट हवेत मीठ ओलावून खराब होई. किरण मोजायला बारीक तंतूवर टांगलेल्या हलक्या पात्यांचे रेडिओमीटर होते. एक तरंगलांबी लावायची, पाती किती वळली ते पाहायचे, आकडा लिहायचा आणि पुढच्या तरंगलांबीकडे जायचे. अशा एकेका बिंदूतून एका पदार्थाचा आलेख तयार होई. शंभराहून अधिक पदार्थांचे असे आलेख त्यांनी १९०५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्या आलेखांत एक सूत्र दिसत होते. मिथिल गट असलेल्या पदार्थांत सुमारे ३.४ मायक्रॉनला शोषण होते, हायड्रॉक्सिल असलेल्यांत २.९५ च्या आसपास. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मोहरीच्या तिखट तेलाच्या कुळातील संयुगांची खूण ४.७८ मायक्रॉनला सापडली. बाकीचा रेणू बदलला तरी क्रियात्मक गट आपली खूण सोडत नव्हता. आज याचे कारण ठाऊक आहे. अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात. प्रत्येक गटाच्या कंपनाची गती वेगळी असते आणि त्या गतीशी जुळणारे किरण तो शोषतो. कोब्लेंट्झ यांच्या काळी हा सिद्धांत नव्हता. त्यांच्याजवळ होती ती मोजमापे.

बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी तेव्हा या कामाकडे लक्ष दिले नाही. इतकी नाजूक उपकरणे स्वतः जुळवून महिनोन् महिने आकडे घेत बसणे त्यांना परवडणारे नव्हते. कोब्लेंट्झ १९०५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रुजू झाले आणि १९४५ मध्ये निवृत्त होईपर्यंत किरणच मोजत राहिले. १९१४ मध्ये त्यांनी लिक वेधशाळेत ११० ताऱ्यांपासून येणारी उष्णता मोजली. घातक किरणांपासून डोळ्यांचे रक्षण करणाऱ्या काचा तपासणे हेही त्यांच्या कामात होते.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. कृत्रिम रबरासाठी झटपट रासायनिक तपासणी हवी होती आणि त्यासाठी तयार अवरक्त यंत्रे बाजारात आली. त्याच काळात पेनिसिलिनच्या रचनेवरून शास्त्रज्ञांत मतभेद होते. त्याच्या अवरक्त आलेखातली एक खूण चार अणूंच्या कड्याकडे, म्हणजे बीटा-लॅक्टमकडे, बोट दाखवत होती. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूंना मारतात ती याच कड्याच्या जोरावर.

१९५४ मध्ये अवरक्त तंत्राच्या अभ्यासकांनी आपल्या संस्थेला कोब्लेंट्झ यांचे नाव दिले. तो मान त्यांना हयातीतच मिळाला. १५ सप्टेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

या तंत्राला मर्यादाही आहेत. औषधात अत्यल्प प्रमाणात मिसळलेला विषारी पदार्थ या आलेखात लपून राहू शकतो. तो पकडायला वेगळ्या चाचण्या लागतात. पण पदार्थ मुळात कोणता, याचे उत्तर आलेख काही मिनिटांत देतो. काढलेला मुतखडा कॅल्शियम ऑक्झलेटचा आहे की युरिक आम्लाचा, हेही त्यावरून कळते आणि पुन्हा खडा होऊ नये म्हणून औषध-पथ्य ठरवता येते. भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे शस्त्रक्रियागृहातले यंत्रही हेच किरण वापरते. श्वासनळीत घातलेली नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर पडद्यावरची रेषा सपाट होते आणि भूलतज्ज्ञाला चूक वेळीच सुधारता येते.