थोरांची ओळख : फ्लोरेन्स नाइटिंगेल आणि दवाखान्यांचे आकडे

१२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी आपण मुलांना हातात दिवा घेतलेल्या बाईंचं चित्र दाखवतो, सेवाभाव सांगतो आणि पुढे जातो. त्यांचं गणित मात्र सांगायचं राहून जातं.

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात, श्रीमंत इंग्रज घरात झाला. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा जुलाब आणि तापानेच जास्त मरत होते. गटारं साफ झाली, हवा खेळू लागली, तसे मृत्यू घटले.

परतल्यावर त्यांनी इंग्लंडमधले दवाखाने पाहिले, तर प्रत्येकाची नोंद निराळी! मग तुलना कशाशी करायची? १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सगळ्या दवाखान्यांसाठी एकच तक्ता मांडला. पुढे शस्त्रक्रियेसाठी वेगळा केला. त्यात रोग्याचं वय, स्त्री की पुरुष, ऑपरेशन कोणतं, कशामुळे, नंतर काय गुंतागुंत झाली आणि रोगी वाचला का, हे सगळं लिहायचं. सारख्याच वयाच्या रोग्यांचं सारखंच ऑपरेशन, तरी एकीकडे जास्त दगावतात, तर कारण शोधता येतं ना!

१८६३ च्या त्यांच्या पुस्तकातल्या एका तक्त्यावर मात्र डॉक्टर मंडळी भडकली. वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागलं होतं. त्यामुळे लंडनच्या २४ दवाखान्यांचं मृत्यूचं प्रमाण शेकडा ९० च्या वर दिसलं. अहो, एका खाटेवर वर्षात कितीतरी रोगी येऊन जातात! शिवाय मोठ्या शहरात गंभीर रोगी जास्त. डॉक्टरांचा राग मला तरी रास्त वाटतो. आपल्याकडेही चाचणीची टक्केवारी लावताना सातपुड्याच्या पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी मुलं आणि जळगाव शहरातली मुलं एकाच यादीत येतात. ऊसतोडीला गेलेली मुलं तर पटावर असतात, वर्गात नसतात. पण म्हणून आकडेच नकोत, हे काही मला पटत नाही.

बाईंनी स्वतःलाही सूट दिली नाही. त्यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचा वॉर्ड चालायचा. तिथे बाळंतिणी तापाने दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद झाला. मग त्यांनी ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि दवाखान्यापेक्षा घरच्या बाळंतपणात कमी बायका मरतात, हे १८७१ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केलं. १९१० साली, नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. तो वॉर्ड त्यांनी पुन्हा उघडला नाही.