थॉमस फ्रेझर : उताऱ्याचीही ‘टेस्टिंग’ करणारा डॉक्टर

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. फीचर कधी चालतं यापेक्षा ते कधी बंद पडतं, हे शोधण्यातच माझा निम्मा दिवस जातो. दीडशे वर्षांपूर्वी हेच काम औषधांवर करणाऱ्या डॉ. थॉमस फ्रेझर यांची ही गोष्ट.

फ्रेझर यांचा जन्म १८४१ चा, कलकत्त्यातला. शिक्षण स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा विद्यापीठात. तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार भागात आरोपी खरा की खोटा हे ठरवायला त्याला एक विषारी बी खायला देत. १८६२ मध्ये याच बीवरच्या प्रबंधासाठी फ्रेझर यांना सुवर्णपदक मिळालं. हे विष हृदयाचे ठोके मंदावतं, श्वासनलिकांमध्ये स्राव वाढवतं आणि शेवटी श्वासच थांबतो.

उतारा होता ॲट्रोपिन. ते ठोके वाढवतं, स्राव सुकवतं. पण गंमत बघा, ॲट्रोपिन स्वतःही विषच! मग द्यायचं किती?

फ्रेझर यांनी सशांवर एकामागून एक प्रयोग केले. कधी विषाचा डोस बदलला, कधी उताऱ्याचा, कधी दोन्हींमधली वेळ. १८७२ मध्ये निकाल आलेखावर मांडले. त्यात एक ठरावीक पट्टा दिसला. पट्ट्याच्या आत ससा वाचतो, बाहेर मरतो. उतारा कमी पडला तरी मरण, जास्त झाला तरी मरण.

पुढे १८९८ मध्ये ते भारतातल्या प्लेग आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईत तयार झालेली हाफकिन यांची लसही आयोगाने तपासली. लसीमुळे प्लेगची लागण आणि मृत्यू कमी होतात, पण संरक्षण शंभर टक्के नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे इथेही फायदा आणि मर्यादा, दोन्ही नोंदवल्या. १९२० मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्याकडे फवारणी करताना शेतकऱ्याला विषबाधा होते, तेव्हा बरीच कीटकनाशकं शरीरात त्या बीसारखंच काम करतात. डॉक्टर ॲट्रोपिनच देतात आणि नाडी व छाती सारखी तपासत डोस ठरवतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते. माझी टेस्ट फेल झाली तर ॲप क्रॅश होतं. तिथे ससे मेले. आता कॉम्प्युटर मॉडेलमुळे काही प्रयोग टळतात, पण नवीन औषधाचा हृदयावर आणि श्वासावर होणारा परिणाम आजही बहुतेक वेळा आधी प्राण्यांवरच तपासला जातो. हे पूर्णपणे थांबवता येईल असं सॉफ्टवेअर तुमच्यापैकी कोणी बनवेल का?