शंकर आबाजी भिसे : तराजूला बुद्धी देणारा संशोधक



मागील वर्षी आम्ही दहावीच्या मुलामुलींना घेऊन वडोदऱ्याजवळील एक कारखाना पाहावयास गेलो होतो. माल कसा तयार होतो हे मुलांनी पाहिले. परंतु त्यांची पावले खिळून राहिली ती कारखान्याच्या अगदी शेवटच्या दालनात. तेथे तयार झालेली भुकटी एका मोठ्या नरसाळ्यातून खाली येत होती. यंत्र ती तोलीत होते, पिशवीत भरीत होते, पिशवीचे तोंड बंद करीत होते. पुढे सरकत्या पट्ट्यावर पिशव्या रांगेने निघाल्या, की दुसरे यंत्र त्या मोजून खोक्यात ठेवी, तिसरे खोक्यावर चिकटपट्टी ओढी आणि सर्वांत शेवटी एक पोलादी बाहू ती खोकी उचलून लाकडी फळीवर थरांवर थर रचीत असे. त्या लांबलचक दालनात माणसे होती अवघी तीन.

परत येताना एका विद्यार्थिनीने आम्हास हळूच विचारले, की असे यंत्र प्रथम कोणाच्या डोक्यात आले असेल, आणि त्या वेळी त्याने तिच्या आईसारख्या बायकांचा विचार केला असेल काय? तिची आई दुसऱ्या एका कारखान्यात हेच पुड्या भरण्याचे काम वर्षानुवर्षे करीत होती आणि यंत्र आल्यावर घरी बसली होती. त्या वेळी आम्हास उत्तर सुचले नाही. त्या मुलीचे जे देणे आमच्याकडे राहिले, ते या लेखाने थोडेफार फेडावे अशी इच्छा आहे.

असल्या यंत्रांचा जनक कोणी एक नाही. देशोदेशीच्या अनेक कारागिरांची बुद्धी त्यांत ओतली गेली आहे. परंतु माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा विचार ज्यांनी आरंभीच्या काळात केला, त्यांत एक मराठी नाव ठळकपणे दिसते. ते नाव म्हणजे शंकर आबाजी भिसे. एकेकाळी हिंदुस्थानचे एडिसन म्हणून गौरविलेल्या या पुरुषाची ओळख आज आपल्यापैकी फार थोड्यांस असेल.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील हे कुटुंब. शंकरास लहानपणापासून यंत्रांचे आणि विज्ञानाचे वेड होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने घरच्या घरी दगडी कोळशापासून धूर-वायू काढण्याचे उपकरण तयार केले, असे सांगतात. सोळाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतले, की शोध लावावयाचे तर विलायतेस किंवा अमेरिकेस गेले पाहिजे. हा निश्चय वाचून आम्हास कौतुक वाटते, तसा विषादही वाटतो. सोळा वर्षांच्या पोराला आपल्या बुद्धीचे चीज आपल्या देशात होणार नाही हे उमगावे, यात त्या काळाची सारी कहाणी आली.

तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला. आतील माल कोणास गुपचूप काढता येऊ नये अशी बाटली, आगगाडीच्या डब्यात पुढील स्थानकाचे नाव दाखविणारे साधन, अशा नाना वस्तू त्यांनी रचल्या. दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करीत. एक वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत बदलून जाई. या प्रयोगांनी त्यांना इंग्लंडमध्येही नाव मिळवून दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा हवा होता. भिसे यांनी थोड्या अवधीत आपला आराखडा सिद्ध करून पाठविला आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून पारितोषिक पटकाविले.

आता कोणी म्हणेल, पीठ तोलण्यात एवढे काय मोठे? म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. आमचे बालपण गोमंतकात गेले. तेथे वाण्याच्या दुकानास पसरो म्हणतात. आमच्या गावचा पसरेकार साखर तोलताना आम्ही तासन्‌तास पाहत असू. आधी तो भराभर दोन-तीन ओंजळी पारड्यात टाकी. काटा हलू लागला की हात आखडता घेई. मग चिमूटभर टाकी, चिमूटभर काढी, आणि काटा सरळ उभा राहिला की क्षणात कागदाची पुडी करून वर दोऱ्याचे दोन वेढे देई. ती चिमूट हेच सारे कसब! यंत्र करावयाचे म्हणजे ती चिमूट लोखंडाच्या बोटांत घालावयाची.

नरसाळ्यातून पीठ पारड्यात पडू लागते. ठरलेले वजन भरले की पारडे खाली जाते आणि त्याच हालचालीने वरची झडप मिटते. हे ऐकावयास सोपे वाटते. पण झडप मिटते त्या क्षणी काही पीठ अधांतरी असते. ते नंतर पारड्यात पडते आणि वजन वाढते. म्हणून अशा यंत्रात पुष्कळदा प्रथम मोठी धार सोडतात, वजन भरत आले की ती अगदी बारीक करतात, आणि शेवटची भर त्या बारीक धारेने घालतात. पसरेकाराची ओंजळ आणि चिमूट ती हीच. शिवाय पावसाळी दमट हवेत पीठ नरसाळ्याच्या गळ्याशी कमान धरून अडकते. त्याला धक्का देऊन मोकळे करावे लागते. भरलेले पारडे आपण होऊन रिकामे झाले पाहिजे, पुन्हा वर आले पाहिजे, आणि हेच दिवसभर हजारो वेळा न चुकता घडले पाहिजे. आजच्या कारखान्यांत पारड्याची जागा विजेवर चालणाऱ्या वजनकाट्याने घेतली आहे आणि झडपेस आज्ञा देण्याचे काम संगणक करतो. परंतु त्यांच्यापुढे प्रश्न आहे तो तोच जुना.

स्पर्धेतील यशाने मुंबईतील पुढाऱ्यांचे लक्ष भिसे यांच्याकडे वेधले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंचे नाव उच्चारताच वडोदऱ्याच्या विद्यार्थ्यांचे कान टवकारले पाहिजेत. कारण १८७४ मध्ये हेच दादाभाई आपल्या बडोदे संस्थानचे दिवाण होते. हिंदुस्थानची संपत्ती परदेशी कशी वाहून जाते हे जन्मभर हिशेबाने सिद्ध करणाऱ्या या वृद्धाला, हिंदी बुद्धीतून परदेशी पैसा मिळू शकतो ही कल्पना न भावती तरच नवल. त्यांनी भिसे यांना आपल्या गाठचे द्रव्य पुरविले, मोठमोठ्या लोकांच्या ओळखी करून दिल्या.

लंडनमध्ये भिसे यांच्या बुद्धीला बहर आला. विजेच्या दिव्यांनी जाहिराती दाखविणारी यंत्रे, स्वयंपाकघरातील उपकरणे, शौचकूपात आपोआप पाणी सोडणारी टाकी, अशा कितीतरी वस्तूंची पेटंटे त्यांनी घेतली. त्यांचे लहानमोठे शोध सुमारे दोनशे आणि पेटंटे चाळीसच्या आसपास, अशी गणना केली जाते. परंतु त्यांचे सारे आयुष्य ज्याने व्यापले ते यंत्र म्हणजे छापखान्याचे खिळे पाडणारे ‘भिसोटाइप’. वितळलेला धातू साच्यात ओतून अक्षरांचे खिळे पाडावयाची यंत्रे तेव्हा होती, पण त्यांची गती मंद होती. भिसे यांच्या यंत्राची कल्पना मिनिटास १२०० खिळे पाडण्याची होती. लंडनच्या जाणत्या अभियंत्यांस प्रथम ते अशक्य वाटले. भिसे यांनी यंत्र रचून त्यांच्या शंकेला उत्तर दिले.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. यापुढील पैशाच्या ओढाताणीची. नवे यंत्र म्हटले की नमुना करावा लागतो, तो मोडून दुसरा करावा लागतो, पेटंटाचे शुल्क भरावे लागते, कारागिरांना मजुरी द्यावी लागते. भांडवलवाले आज होय म्हणत, उद्या नाही म्हणत. १९०७ मध्ये दादाभाई वार्धक्यामुळे कायमचे स्वदेशी परतले आणि भिसे यांचा मोठा आधार तुटला. कार्यशाळा बंद करून तेही मायदेशी निघाले. पण त्या बोटीवर त्यांची गाठ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी या माणसाचे पाणी ओळखले आणि जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांच्या द्रव्यबळावर लंडनमध्ये पुन्हा काम सुरू झाले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध उसळले. युद्धकाळात नव्या छपाईयंत्रांना कोण विचारणार? टाटांकडील मदत थांबली आणि भिसे यांनी अमेरिकेची वाट धरली.

न्यूयॉर्कमध्येही ते खिळ्यांच्या यंत्रामागे लागलेच. तथापि त्यांना पैसा मिळवून दिला तो वेगळ्याच वस्तूने. आयोडीनपासून केलेले त्यांचे एक औषध पुढे ‘ॲटोमिडीन’ या नावाने बाजारात खपू लागले. लोखंडाच्या राक्षसाशी तीस वर्षे झुंजणाऱ्या पुरुषाला अखेर आधार दिला तो एका चिमुकल्या बाटलीने! ज्या एडिसनशी लोक त्यांची तुलना करीत, त्याची भेट घेण्याचा योगही उतारवयात आला. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे, मायभूमीपासून सहस्रावधी कोस दूर, त्यांनी देह ठेवला.

भिसे यांच्या ठायी उणीव कशाची होती? बुद्धी होती, चिकाटी होती, दादाभाई, गोखले, टाटा यांच्यासारख्यांचा लोभ होता. एक अमेरिकन उदाहरण पाहू. १८७९ मध्ये ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात कागदी पिशव्या छापताना एक पट्टी सरकली आणि दुमड पाडण्याऐवजी कागद कापला गेला. त्या चुकीतून गेअर यांना सुचले, की एकाच दाबात कापणे आणि दुमडणे दोन्ही साधले तर पुठ्ठ्याची घडीची खोकी झपाट्याने होतील. आज घरोघर येणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा इतिहास तेथे सुरू होतो. परंतु गेअर यांचा स्वतःचा कारखाना होता! कल्पना सकाळी सुचली तर दुपारी ती यंत्रावर चढवून पाहता येत होती. भिसे यांच्या कल्पनेला मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारी जाऊन उभे राहावे लागले. पुडी बांधली पण ती ठेवावयास फळीच नाही, अशी त्यांच्या बुद्धीची अवस्था झाली.

ही फळी बांधण्याचे काम त्याच काळात आपल्या नगरीत चालले होते. १८९० मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन स्थापिले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती त्याची धुरा दिली. रंग, विणकाम, यंत्रविद्या यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनीही तेथे धडे घेतले. १९०७ मध्ये, म्हणजे दादाभाईंच्या जाण्याने भिसे निराधार झाले त्याच वर्षी, गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या त्रयीच्या प्रयत्नांतून अलेंबिक कारखान्याचा पाया घातला गेला. आज वडोदऱ्याच्या आसपास औषधांचे व रसायनांचे जे कारखाने दिसतात, त्यांची मुळे त्या पेरणीत आहेत. शंकर भिसे मुंबईऐवजी अशा नगरीत आणि वीस-पंचवीस वर्षे उशिरा जन्मते, तर त्यांचे यंत्र कदाचित येथेच उभे राहते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. तिच्या आईसारख्यांचा विचार भिसे यांनी केला होता की नाही, हे आम्ही कोणत्या आधारावर सांगावे? एवढे मात्र खरे, की दिवसभर पिठाची धूळ छातीत घेत पुड्या भरणे किंवा पाठ मोडेपर्यंत खोकी उचलणे, हे काम यंत्राने घ्यावे यात वावगे काही नाही. वावगे आहे ते याच्या पुढचे. त्या माउलीच्या बोटांत वीस वर्षांची जी जाण साठली होती, भुकटी कधी दमटली, पिशवीची शिवण कोठे कच्ची राहिली, हे नुसत्या स्पर्शाने सांगणारी, ती जाण वाया गेली. तिला यंत्रावर देखरेख करावयास कोणी शिकविले असते, तर यंत्राचेही भलेच झाले असते. झडप केव्हा मिटावी हे यंत्र ठरविते. माणसाला दाराबाहेर ठेवावे की दुसऱ्या जागी बसवावे, हे माणसेच ठरवितात.

बारकाईने पाहिले तर त्या माउलीचे आणि भिसे यांचे दुःख एकाच जातीचे आहे. दोघांच्याही अंगी कसब होते आणि दोघांच्याही कसबाला जागा मिळाली नाही. एक जगप्रसिद्ध होऊन परदेशी मिटला, दुसरी अनामिक राहून घरी बसली.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी कारखानदार होईल, कोणी यंत्राशेजारी उभे राहून काम करील. जो यंत्र रचील त्याने आधी जुन्या हातांकडून शिकून घ्यावे. जो कारखाना चालवील त्याने त्या हातांना नवे काम शिकवावे. आणि आपल्या गावात कोणी चौदा वर्षांचा पोर घरात खटपट करीत बसला असेल, तर त्याला परदेशाची वाट धरावी लागण्याआधी आपण त्याच्या पाठीवर हात ठेवावा. शंकर आबाजी भिसे यांचे स्मरण याहून अधिक चांगल्या रीतीने करता येईल, असे आम्हास वाटत नाही.